कोंडीराम मास्तर शेतात उभे राहिले

कोंडीराम मास्तरांनी शाळेत कधी पाऊल टाकलं असेल तर ते शिकायलाच, शिकवायला नव्हे. एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी गाडीत घंटी मारली. निवृत्त होऊन पोशीरला घरची भातशेती बघायला आले तेव्हा घंटी सरकारजमा झाली, पण आवाज त्यांच्याबरोबर घरी आला.

तो आवाज भरल्या गाडीत पुढच्या दरवाजापासून मागच्या बाकापर्यंत पोचण्यासाठी घडलेला होता. घरात तो मावायचा नाही. मास्तर ओट्यावर बसून चहात साखर कमी आहे म्हणाले की तीन घरं पलीकडं कळायचं. बुद्धपौर्णिमेला विहारातला माइक बंद पडला तर कोणी वायरमनला शोधायला जात नसे, मास्तरांना दोन रांगा पुढं बसवत. आणि जसा आवाज, तसंच अंग. एका जागी स्वस्थ उभं राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले तरी डुलायचे, आणि एक हात आपसूक वर जाऊन दांडी शोधायचा. त्यांची बायको येसूबाई म्हणायची, माझं लग्न माणसाशी लागलं का गाडीशी, ते मला अजून कळलेलं नाय.

अशा माणसानं सतरा दिवस शेतात न हलता, न बोलता उभं राहावं, ही गोष्ट पोशीरमध्ये अजून कोणाला पुरती पटलेली नाही. पण ते उभे राहिले. एका कुत्रीपायी.

गणपती उठले होते आणि भाताच्या लोंब्या भरायला लागल्या होत्या. पाखरांसाठी येसूबाईनं नेहमीप्रमाणे बांधाजवळ बुजगावणं उभं केलं. बांबूचा क्रूस, पोटात पेंढा, अंगात मास्तरांचा जुना खाकी शर्ट आणि डोक्याच्या जागी मडकं. मडक्यावर तिनं चुन्यानं डोळे काढले, मिशीही काढली. बघणारे म्हणाले, हुबेहूब मास्तर, फक्त स्वभावानं गरीब.

चारआठ दिवसांत येसूबाईच्या लक्षात आलं की बुजगावण्याच्या पायाशी एक मातकट रंगाची कुत्री येऊन झोपते. वरच्या अंगाला एक फार्महाऊस होतं. मालकांनी ते विकलं, सामान टेंपोत भरलं आणि कुत्री तिथंच राहिली. माणूस दिसला रे दिसला की ती शेपूट पोटाशी घेऊन अशी पळायची की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दर्शन नाही. लहान मूल असो, म्हातारी असो, भाकरी घेऊन येणारा असो, तिला सगळे सारखेच. सगळ्या पोशीरमध्ये तिचा भरवसा फक्त त्या बुजगावण्यावर होता.

तिला हाक मारून थांबवायचं पहिलं काम अर्थातच मास्तरांनी अंगावर घेतलं. त्यांनी बांधावरून "ये गं ये" अशी प्रेमानं साद घातली. कुत्री तर गेलीच, शेजारच्या खाचरातले चार बगळेही उठले. मास्तरांनी त्याच दिवशी तिचं नाव विनंती ठेवलं. एसटीचे काही थांबे विनंती थांबे असतात, गाडी तिथं आपणहून थांबत नाही. "हिला थांब म्हणून उपेग नाय," ते म्हणाले, "हिला विनंतीच करावी लागल."

विनंतीचा प्रश्न नुसता भित्रेपणाचा असता तर कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण एकदा गवत काढता काढता येसूबाईला ती जवळून दिसली. गळ्यात लाल नायलॉनचा पट्टा होता. पिल्लू असताना कोणीतरी घातलेला असणार. पिल्लू वाढलं, पट्टा काही वाढला नाही. एका बाजूनं तो कातडीत रुतला होता आणि त्याभोवती माश्या घोंगावत होत्या. येसूबाई घरी आली ती जेवलीच नाही. मास्तर त्या संध्याकाळी हळू बोलले, म्हणजे एकाच घरापलीकडं ऐकू गेलं.

गुरांच्या दवाखान्यातला जगदीश मोठा पिंजरा घेऊन आला. आत कोंबडीचे तुकडे टांगले आणि पिंजरा बांधाआड ठेवला. चार दिवसांत त्यात शेजाऱ्याची एक कोंबडी सापडली, एक मुंगूस सापडलं, आणि चौथ्या दिवशी तुकडे बदलायला आत वाकलेले कोंडीराम मास्तर सापडले. दार मागून खटकन पडलं. मास्तरांनी तासभर आरडाओरडा केला. सगळ्या शिवारात तो ऐकू गेला आणि एकही माणूस आला नाही, कारण मास्तर बोलतायत एवढंच सगळ्यांना वाटलं. शेवटी जेवणाचा डबा घेऊन आलेल्या येसूबाईनं त्यांना सोडवलं. आधी तिनं डबा खाली ठेवला आणि थोडा वेळ त्यांच्याकडं नुसतं बघितलं, असं मास्तर सांगतात.

त्या रविवारी अब्बासभाई जेवायला आले होते. हे चौक गावचे, मास्तरांच्या गाडीवरचे ड्रायव्हर. बारा वर्षं दोघांनी एका गाडीवर काढली होती, त्यामुळं अब्बासभाईंचा डावा कान जरा कमीच ऐकतो. त्यांच्यासमोर जगदीशनं सांगितलं की पिंजरा आता विसरा, या जनावराचा विश्वासच कमवावा लागेल. त्याचे नियम तीन. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही. डोक्यावरून हात न्यायचा नाही. आणि बोलायचं नाही.

तिसरा नियम ऐकून अब्बासभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमच्यापरीस ते मडकं बरं. तुमी त्याच्याच जागी जाऊन उभं ऱ्हावा."

बाकीचे हसले. जगदीश हसला नाही. तो म्हणाला की कल्पना वाईट नाही. कुत्रीला त्या आकाराची भीती वाटत नाही. पण तीन आठवड्यांत भातकापणी, बुजगावणं निघणार, आणि ते निघालं की कुत्रीही जाणार. मग ती कुठल्या रानात जाईल आणि तो पट्टा कुठवर रुतेल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूबाईनं मास्तरांना खाकी शर्ट घातला, दोन्ही बाह्यांतून एक बांबू आरपार सारला आणि मनगटं सुतळीनं बांधली. दुसरं मडकं बुडाकडून फोडून डोक्यावर बसवलं. श्वासाला दोन भोकं पाडली आणि बघायला एक चीर ठेवली. मिशी काढताना ती म्हणाली, आता तोंड उघडलंत तर मडकं फुटंल. आणि मूळ बुजगावणं उपटून तिनं चार हात पलीकडं बांधाला टेकवून ठेवलं.

विनंती उन्हं चढल्यावर आली. लांबून तिनं उभ्या असलेल्या मास्तरांकडं बघितलं, मग बांधाला टेकलेल्याकडं बघितलं आणि सरळ टेकलेल्याच्या पायाशी जाऊन झोपली. मास्तर दोन तास तसेच उभे. संध्याकाळी जगदीशला फोनवर हे सगळं सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा होता, पण जगदीश खूश झाला. ती आली आणि पळाली नाही. आता रोज एक वीत जवळ सरका, म्हणाला.

मास्तर सरकत राहिले. मडक्यात भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. नाकावर माशी बसली तर तिची मर्जी होईपर्यंत थांबावं लागे. पण सगळ्यात जड जात होतं ते गप्प राहणं. पहिले तीन दिवस त्यांनी दात आवळून काढले. चौथ्या दिवशी ओठ आपोआप हलायला लागले आणि मडक्यातल्या मडक्यात, अगदी दबक्या सुरात, शब्द बाहेर पडले, "खोपोली... खालापूर... चौक... लोधिवली..."

मास्तर दचकले. संपलं, आता ही पळते, असं वाटून त्यांनी चिरीतून बघितलं. विनंतीचे कान त्यांच्या बाजूला वळले होते. आवाज मडक्यात घुमून मऊ होऊन बाहेर येत होता, लांबच्या गाडीच्या घरघरीसारखा. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि पुढच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दांड फाटा," मास्तर पुटपुटले. "शेडुंग... पळस्पे... पनवेल."

त्या दिवशी त्यांनी खोपोली ते पनवेल चार फेऱ्या केल्या. कोण कुठं चढायचं, कोण लोधिवलीला उतरताना पिशवी विसरायचं, सगळी माणसं एकेक करून आठवली. घरी आले तेव्हा येसूबाईला त्यांचा चेहरा जरा वेगळा वाटला. जेवताना त्यांनी मीठ मागितलं ते हातानं खूण करून.

इथवर सगळं ठीक होतं. पण बांध रस्त्यालगत होता, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना डोळे होते.

जुलैच्या पावसात गावाबाहेरच्या ओढ्यावरची मोरी खचली होती. तेव्हापासून गाडी पलीकडूनच वळून परत जायची आणि माणसं अर्धा कोस चालत यायची. अर्ज झाले, विनवण्या झाल्या. आणि आता लोकांना काय दिसत होतं? एसटीतून निवृत्त झालेला माणूस, खाकी शर्ट घालून, दोन्ही हात पसरून, डोक्यावर मडकं घेऊन रोज भर उन्हात मुका उभा आहे. विहारातल्या एकदोन जाणत्यांना वाटलं की मास्तरांनी विपश्यना सुरू केली. त्यांना मनापासून आनंद झाला आणि त्यांनी येसूबाईकडं तसा निरोपही धाडला. बाकी सगळ्या गावाचं मात्र एकमत झालं. मास्तर मोरीसाठी आंदोलनाला बसले. म्हणजे उभे राहिले.

सरपंच संजनाताई स्वतः बांधावर आल्या. त्यांनी विचारलं, "मास्तर, मागणी पदरात पडली नाय तर थांबणार का तुमी?" विनंती तेव्हा सहा हातांवर भातात दडली होती. मास्तरांना सांगायचं होतं की मागणीबिगणी काही नाही. त्यांनी मडकं हळूच डावीउजवीकडं हलवलं. संजनाताईंनी त्याचा अर्थ घेतला की थांबणार नाही. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी एक फोटो काढला, आणि तो दोन दिवसांत पेपरात छापून आला. वर मथळा होता, 'मोरीसाठी मास्तरांचे मौन'.

येसूबाईनं खरं सांगून बघितलं. ज्याला त्याला सांगितलं की अवो ते कुत्रीसाठी उभे हायत. लोक समजूतदारपणे मान हलवायचे. घरच्या बाईवर दबाव आला असणार, म्हणायचे.

मग पाठिंबा यायला लागला. केळी आली, नारळ आले. दोघं उत्साही शेतकरी शेजारच्या खाचरात स्वतः हात पसरून उभे राहिले. त्यांचं भात त्या वर्षी पोपटांनी अजिबात खाल्लं नाही, हा एक फायदा झाला. पण गर्दीनं विनंती पुन्हा लांब गेली, दोन दिवस फिरकलीच नाही. येसूबाई चिडली. खुरपं हातात घेऊनच ती बांधावर उभी राहिली आणि तिनं नियम जाहीर केला. येणाऱ्यानं बांधावर बसायचं, शेताकडं पाठ करून बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि मागं वळून बघायचं नाही. ज्याला जमत नाय त्यानं घरी जायचं.

लोकांना हे फार आवडलं. आंदोलनाला एक शिस्त आली, असं संजनाताई म्हणाल्या. रोज सकाळी वीसतीस माणसं रांगेनं, शेताला पाठ करून, अवाक्षर न बोलता बसायला लागली. तिसऱ्या दिवशी विनंती परतली. तिनं भाताच्या कडेनं रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चक्कर मारली. एका सदऱ्याचा वास घेतला, एका छत्रीचा घेतला. बघणारं कोणी नाही, ओरडणारं कोणी नाही, हात उगारणारं कोणी नाही. इतकी निरुपद्रवी माणसं तिनं जन्मात पाहिली नसतील.

मास्तर आता बुजगावण्यापासून हातभरावर आले होते. उजव्या बाहीतला बांबू येसूबाईनं कापून टाकला होता. जगदीशनं दिलेली बोथट टोकाची कात्री त्यांच्या खिशात होती. विनंती त्यांच्या बुटाशेजारी झोपायची, पण बुटाला टेकायची नाही. मध्ये दोन बोटं जागा ठेवायची. त्या दोन बोटांपाशी सगळं पाच दिवस अडून राहिलं. मास्तर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या येसूबाईला हातानं ते अंतर दाखवायचे.

सतराव्या दिवशी जीप आली. ज्या खात्याची मोरी होती, त्या खात्याचे साहेब आले. गोरेगोमटे, घाबऱ्या चेहऱ्याचे, हातात लेखी आश्वासन आणि हार. आंदोलन मिटवूनच या, असं त्यांना वरून सांगितलेलं होतं. संजनाताईंनी त्यांना खुणेनं शेतात उतरवलं. समोर दोन खाकी शर्ट आणि दोन मडकी. साहेबांनी दोन्हींकडं बघितलं. एकाची मिशी जास्त करारी होती. त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला, नमस्कार केला आणि आदरानं वाचायला सुरुवात केली, "माननीय श्री. कोंडीराम यांस..."

साहेबांचं अर्धं पत्र वाचून होईपर्यंत मास्तर ऐकत राहिले. मग दुसऱ्या मडक्यातून हळू आवाज आला, "सायेब, मी हिकडं हाय. खाली बसा."

साहेबांनी पत्र छातीशी धरलं. ते जागच्या जागी बसले.

"पाठ करा."

साहेबांनी पाठ केली. बुजगावण्यामागं झोपलेली विनंती उठून पुढं आली. साहेबांनी तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि ते दगड झाले. लहानपणी त्यांना कुत्रं चावलं होतं, चौदा इंजेक्शनं झाली होती, आणि तेव्हापासून ते रस्त्यात कुत्रं दिसलं तर रिक्षा करायचे. आता त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, कारण मान वळेना. हात नेला नाही, कारण हात उचलेना. बोलले नाहीत, कारण जीभ टाळूला चिकटली होती. जगदीशचे तिन्ही नियम इतके तंतोतंत आजवर कोणीच पाळले नव्हते. विनंतीनं त्यांची पाठ हुंगली, एक गिरकी घेतली आणि साहेबांच्या कमरेला आपलं अंग टेकून बसली.

मास्तरांना चिरीतून हे दिसलं. त्यांना काय वाटलं ते त्यांनी नंतर फक्त अब्बासभाईंना सांगितलं. सतरा दिवस मडक्यात डोकं घालून मी उभा, आणि ही टेकली कोणाला, तर आज जीपमधून उतरलेल्याला. क्षणभर त्यांच्या मनात आलं की मडकं आपटावं आणि घरी जावं. पण विनंतीची मान त्यांच्याकडं होती, पट्ट्याची मोकळी बाजू वर होती, आणि हात पोचेल इतकी जवळ होती.

"सायेब," मास्तर म्हणाले, "हलू नका."

"हलता येत नाहीये," साहेब म्हणाले.

मास्तर गुडघ्यांवर बसायला लागले. एवढंसं बसायला भात शिजून उतरवता येईल इतका वेळ लागला, असं येसूबाई सांगते. डाव्या बाहीतला बांबू एका बाजूला आडवा, डोक्यावर मडकं आणि मडक्यात तोच मार्ग. खोपोली, खालापूर. उजवा हात खालून, जमिनीला घासत गेला आणि तिच्या छातीला लागला. ती थरथरली. सगळी रांग पाठ करून बसलेली, कोणाला काही दिसत नव्हतं, पण त्या वेळी कोणी खोकलंसुद्धा नाही. चौक, लोधिवली. बोटं केसांतून वर सरकली आणि पट्ट्याला लागली. दांड फाटा म्हणेपर्यंत तोच हात मागं येऊन खिशातली कात्री घेऊन गेला होता. शेडुंगला ती बसली, आणि पळस्पे यायच्या आत पट्टा तुटला.

विनंती उडी मारून तीन बांध पलीकडं गेली. तिथं उभी राहून तिनं अंग झाडलं. मागच्या पायानं मान खाजवायला गेली, दुखलं म्हणून थांबली, पुन्हा हळू खाजवली. मग सगळ्यांकडं बघत उभी राहिली. ती तिथून पुढं गेली नाही.

साहेब बराच वेळ बसूनच होते. येसूबाईनं त्यांना पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "ती माझ्यापेक्षा जास्त थरथरत होती. पाठीला कळत होतं मला." एवढं बोलून त्यांनी आश्वासनाचा कागद येसूबाईच्याच हातात दिला, कारण कोणाला द्यायचा हे त्यांना आता समजत नव्हतं.

जखमेला जगदीश औषध लावायला लागला. त्यासाठीही त्याला पाठमोरं सरकत यावं लागायचं. भात कापलं गेलं. बुजगावणं उपटून अंगणात आणून ठेवलं, तेव्हा त्याच्यामागोमाग दहा हात अंतर ठेवून विनंतीही अंगणात आली. मोरी शिमग्याच्या आधी बांधून झाली आणि गाडी गावात यायला लागली. त्या दिवशी मास्तरांना शाल दिली आणि बोलायला उभं केलं. मास्तरांनी माइक बाजूला सारला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं की मी मोरीसाठी उभा नव्हतो, मी कुत्रीसाठी उभा होतो, मोरीचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढं काम करून श्रेय न घेणारा माणूस आजकाल कुठं मिळतो, असं संजनाताई आभार मानताना म्हणाल्या. साहेब महिन्यातून एकदा मोरीची पाहणी करायला येतात. पाहणी दोन मिनिटांत होते. मग ते अंगणात पाठ करून तासभर बसतात.

विनंती अजून भित्रीच आहे. फटाका वाजला की पेंढ्यात शिरते, छत्री उघडली की दिसेनाशी होते. मास्तरांच्या हातून खाते, पण मास्तर मोठ्यानं हसले तर घास सोडून जाते. म्हणून मास्तर हल्ली हसू आलं की आधी रस्त्यावर जातात.

चैत्रात एक दिवस येसूबाईनं अंगणात सुपात बोंबील वाळत घातले होते. दुपारी तिला आवाज आला म्हणून ती बाहेर आली, तर विनंती सुपात तोंड घालून खात होती. येसूबाईच्या हातात केरसुणी होती, ती तिनं उगारली आणि तोंडानं दोन शिव्याही दिल्या. ओट्यावर बसलेले मास्तर श्वास धरून बघत होते. विनंतीनं मान वर केली. केरसुणीकडं बघितलं, येसूबाईकडं बघितलं. मग एक बोंबील उचलला, दोन पावलं बाजूला झाली आणि तिथंच, तिच्यासमोर, पाय पसरून खायला बसली.

"येसू," मास्तर हळूच म्हणाले, "पळाली नाय गं."

येसूबाईनं केरसुणी खाली घेतली. सुपात किती उरले ते तिनं बघितलं आणि म्हणाली, "नाय पळाली. उद्यापासनं बोंबील छपरावर टाकायला लागतील."